खर्चीचा हिशोब कोण करतं?

मागच्या जुलैत माझ्या भाचीच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली. शाळा जिल्हा परिषदेची, उर्दू माध्यमाची. सरकारी पथक आलं, मुलांची वजनं-उंच्या घेतल्या, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि पाच-सहा मुलींना रक्त तपासायला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. त्यात माझी भाचीही होती. वय दहा, चौथीत. हिमोग्लोबिन निघालं 8.6. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं : सकस आहार द्यावा. सफरचंद, डाळिंब, बीट, खजूर, दूध, अंडी, पालेभाज्या.

आपानं चिठ्ठी वाचली, तिची घडी घातली आणि चहाच्या डब्याखाली ठेवून दिली. मी विचारलं तर म्हणाली, "डाळिंब दो सौ रुपये किलो है. डॉक्टर को मालूम नहीं क्या?" मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "मालूम रहेंगा. लिखने को क्या जाता?"

चिठ्ठीत किमती नव्हत्या हा एक भाग. दुसरा असा की सफरचंदात लोह नावापुरतंच असतं आणि बिटाची कीर्ती त्याच्या रंगावर चालली आहे. लाल दिसतं म्हणून रक्त वाढवत असेल, असा आपला समज. लोह खरं तर कलेजीत आहे, मसुरीत आहे, हरभऱ्यात, बाजरीत, अळिवात आणि मेथी-चवळीसारख्या पाल्यात आहे. डाळ-भाजीवर लिंबू पिळलं तर ते जास्त अंगी लागतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला की त्यातलं बरंचसं वाया जातं. आता आमच्या मोहल्ल्यातल्या दहातल्या आठ घरांत मुलांचा सकाळचा नाश्ता काय असतो? चाय-खारी. नाहीतर चाय-पाव. कधी रात्रीची रोटी असली तर चाय-रोटी. चहाबद्दल चिठ्ठीत एक अक्षर नव्हतं.

पण हा लेख डॉक्टरांवर नाही. त्यांना दिवसाला शंभर मुलं तपासायची असतात. मला राग आला तो माझा. मी चाळिशीचा माणूस, सच्चर समितीच्या अहवालावर तासभर बोलू शकतो, मुस्लिमांच्या शिक्षणावर डझनभर लेख लिहिले आहेत. त्या दिवशी आपानं मला सहज विचारलं, "मसूर क्या भाव है, बोल." मला सांगता आलं नाही.

त्याच संध्याकाळी भाची दारातून पळत आली, आईकडून दहाची नोट घेतली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पाकीट घेऊन आली. मसाला लावलेलं, कुरकुरीत, आत निम्मी हवा. तिच्या मागोमाग तिचा भाऊ आला. तो सातवीत आहे, मुलगा आहे आणि मोठा आहे, म्हणून त्याला वीस. आमच्याकडे याला खर्ची म्हणतात. खर्ची न मिळालेलं मूल मोहल्ल्यात गरीब समजलं जातं, त्यामुळे उधार घेऊनही आई-बाप खर्ची देतात.

मी त्या दोघांना बसवून गुणाकार करायला लावला. रोजचे तीस. महिन्याचे नऊशे. वर्षाचे दहा हजार नऊशे पन्नास. दुल्हेभाई गॅरेजमध्ये काम करतात. रेशनचं धान्य मिळतं, त्यावर महिन्याचा किराणा-भाजी मिळून पाच हजारांच्या आसपास जातात. म्हणजे खाण्यावरच्या खर्चाचा जवळजवळ सहावा हिस्सा ही पोरं स्वतःच्या हातानं खर्च करत होती आणि तो घरात कुणीही, कधीही, खाण्याचा खर्च म्हणून धरलेला नव्हता. आपाचा तर विश्वासच बसेना. तिनं पुन्हा गुणाकार करायला लावला.

मुलांच्या पैशाचं नियोजन कुणी करत नाही असं आपण म्हणतो, ते खरं नाही. कंपनी करते. पाकिटाची किंमत पाच आणि दहाच का असते? कारण आमच्या पोरांच्या मुठीत पाचाचं नाणं आणि दहाची नोट असते, हे त्या कंपनीला पक्कं ठाऊक आहे. तेल महागलं, बटाटा महागला, तरी पाकीट दहालाच राहतं. आतला माल कमी होतो. दहा वर्षांच्या पोरीचं बजेट मुंबईतल्या एखाद्या वातानुकूलित खोलीत बसून कुणीतरी पैशापैशानं आखलेलं आहे. आखलेलं नाही ते तिच्या आईनं, बापानं, मामानं आणि शाळेनं.

माझं म्हणणं साधं आहे आणि ते अनेकांना आवडणार नाही. मुलांना, सात-आठ वर्षांच्या मुलांनाही, घरच्या जेवणाचा हिशोब शिकवला पाहिजे. आज काय शिजणार, ते किती रुपयांत बसणार, त्यातून कुणाच्या पोटात काय जाणार, हे त्यांना ठरवू दिलं पाहिजे. चित्रातली थाळी रंगवून घेणं म्हणजे हे शिक्षण नव्हे. खरे पैसे, खरा बाजार, खरी चूल लागते.

आपाकडून मी चार रविवार मागून घेतले. प्रत्येक रविवारी रात्रीच्या जेवणाचे एकशे वीस रुपये दोघांच्या हातात. ज्वारी, तांदूळ, तेल, मीठ-मिरची घरातली. बाकी सगळं त्यांनी ठरवायचं, आठवडी बाजारातून आणायचं आणि वहीत लिहायचं. अटी दोनच. घरातल्या पाचही माणसांचं पोट भरलं पाहिजे, आणि कुणी काय खाल्लं तेही लिहायचं. पाच माणसं म्हणजे आपा, दुल्हेभाई, ही दोन पोरं आणि त्यांची दादी, जिला साखरेचा आजार आहे.

पहिल्या रविवारी भाच्यानं सूत्रं हातात घेतली. अर्धा किलो ब्रॉयलर एकशे दहा रुपये. थंड पेयाची छोटी बाटली वीस. दहा रुपये कमी पडले, ते त्यानं खर्चीतून घातले आणि मोठा दिलदारपणा दाखवला. भाजी नाही, लिंबू नाही, फळ नाही. रात्री वहीत लिहायची वेळ आली. बोट्या होत्या अकरा. अब्बा चार, भाचा चार, भाची दोन, दादी एक. आपाच्या नावापुढे भाचीनं शून्य लिहिलं आणि लिहिताना एकदा आईकडे पाहिलं. आपा म्हणाली, "मेरेकू शोरबा अच्छा लगता." आमच्या अम्मीलाही शोरबाच आवडायचा. माझ्या माहितीतल्या सगळ्या आयांना शोरबाच आवडतो.

दुसऱ्या रविवारची यादी भाचीनं केली. तिला बाजार माहीत होता, कारण कोथिंबीर, दही, पाव किलो डाळ आणायला घरातून नेहमी तिलाच पिटाळतात. भाच्याला कुणी पिटाळत नाही. यादी अशी : मसूर पाव किलो तेवीस, अंडी पाच पस्तीस, मेथीच्या दोन जुड्या वीस, टोमॅटो पाव किलो आठ, लिंबं पाच, शेंगदाणे शंभर ग्रॅम चौदा, चार केळी चौदा. एकूण एकशे एकोणीस. चारच केळी का, असं मी विचारलं तर म्हणाली, "दादी को शक्कर है ना मामू." उकडलेली अंडी मोजून पाच होती, त्यामुळे त्या रात्री आपाच्या नावापुढे शून्य आलं नाही. दुल्हेभाईंनी गोश्त नाही म्हणून तोंड वाकडं केलं, पण जेवले.

तिसऱ्या रविवारी त्यांना मटकी करायची होती. बाजारातून मटकी आणली आणि तेव्हा कळलं की मोड यायला ती शुक्रवारीच भिजवायला हवी होती. त्या दिवशी खिचडी-खट्टा झाला, मटकी मंगळवारी. चौथ्या रविवारी पाऊस होता, मेथीची जुडी पंचवीसवर गेली होती; त्यांनी अंबाडी घेतली आणि त्यात थोडी कलेजी घालून घेतली, जी आमच्याकडे बड्याची असली तर अजूनही परवडते. या चार रविवारांत ती दोघं जे शिकली ते शाळेच्या चार वर्षांत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ताजं महाग झालं तर त्याच्या जागी काय चालतं. उद्याचं जेवण आज सुरू करावं लागतं. आणि ताटात किती पडतं हे पैशावर जितकं अवलंबून असतं तितकंच ते वाढणाऱ्या हातावरही असतं.

भाची आता पाकीट खात नाही असं मी सांगणार नाही. आठवड्यातून दोनदा खाते. बाकीचे दिवस दहा रुपयांचे फुटाणे आणि गुळाचा खडा. फुटाणे दहा रुपयांत मूठभर नाही, चांगले तीन-चार मुठी येतात. ते वाटून खाता येतात म्हणून मैत्रिणींत तिचा भावही वाढला आहे. लोहाची गोळी चालूच आहे. आहार हा गोळीला पर्याय नाही, आणि गोळी आहाराला नाही. सकाळचा चहा मात्र बंद झालेला नाही. नाश्त्यानंतर तासाभरानं मिळतो, एवढ्यावर तडजोड झाली.

हे मी मोहल्ल्यात सांगितलं तेव्हा तीन प्रकारची उत्तरं मिळाली. पहिलं, आणि सगळ्यात जास्त ऐकलेलं : "बच्चों को हिसाब में नक्को डालो. बचपन है." फार मायेचं वाक्य आहे. पण पोर रोज दुकानाच्या काउंटरवर नोट ठेवते, तेव्हा ती हिशोबात पडलेलीच आहे. फक्त हिशोब दुसऱ्याच्या वहीत आहे. आणि बालपणाची एवढी काळजी असणाऱ्यांच्या मोहल्ल्यात बारा वर्षांची पोरं गॅरेजमध्ये पाने उचलतात, बेकरीत ट्रे वाहतात. तेव्हा बचपन कुठे जातं? पोरानं पैसे कमावून आणलेले चालतात, पण ते कसे खर्च होतात हे विचारलेलं चालत नाही.

दुसरं उत्तर घरातल्या पुरुषांचं. "वो औरतां का काम है." म्हणजे भाचीला शिकवा, भाच्याला कशाला. तिसऱ्या रविवारी भाचा दारात बसून कांदा कापत होता तर शेजारच्या खालाजान हसून म्हणाल्या, "अरे, इसका निकाह पढ़ा दो अब, पूरी बहू बन गया." पोरगं लाल झालं. चाकू ठेवून उठून गेलं. अर्ध्या तासानं परत आलं, पण मागच्या दारानं.

ही चेष्टा साधी नाही. प्रेषित मुहंमद (स.) घरात असले की घरकामाला हात लावायचे, स्वतःचे फाटके कपडे स्वतः सांधायचे, हे आपण दरवर्षी मीलादच्या बयानात ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन बारा वर्षांच्या पोरासमोर पाण्याचा ग्लास त्याच्या बहिणीला ठेवायला लावतो. अकरा बोट्यांतल्या चार त्याच्या ताटात का पडल्या, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वहीनं सांगितलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण 68.9 टक्के होतं. हे सगळ्या धर्मांच्या, सगळ्या जातींच्या महाराष्ट्राचे आकडे आहेत. यात कुणी कुणाकडे बोट दाखवू नये. पण आपल्या घरात त्याचं एक कारण ताट वाढण्याच्या क्रमात आहे, आणि तो क्रम मुलगे मोडतील तेव्हाच मोडेल. मुलींना शिकवून फक्त आणखी काटकसरी आया तयार होतील, ज्यांना शोरबा आवडतो.

तिसरं उत्तर : "इतके पैसेच कुठे आहेत, हिशोब कशाचा करायचा?" हे उत्तर गरिबाकडून आलं तर मी गप्प बसतो. पण मला ते ज्यांच्याकडून मिळालं त्यांनी मागच्याच वर्षी मुलाच्या वलीम्याला सातशे माणसं जेवू घातली होती. त्या वलीम्याचा हिशोब त्यांना तोंडपाठ होता. देगा किती, तांदूळ किती, एका देगेत गोश्त किती, ताटामागे किती पडले, आचाऱ्यानं किती मारले. रुपया चुकणार नाही. म्हणजे समाजाला जेवणाचा हिशोब येत नाही असं कुणी म्हणू नये. उत्तम येतो, पण तो लोकांना दाखवायच्या जेवणाचा. रोजच्या डब्याचा नाही. इसराफ हराम आहे हे मशिदीत सांगितलं जातं. पण इसराफ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टाकून दिलेली बिर्याणी येते. पोराच्या हातातलं दहा रुपयांचं पाकीट इसराफमध्ये बसतं की नाही, यावर मी अजून एकही जुम्याचं बयान ऐकलेलं नाही. रमजानमध्येही आपण सात वर्षांच्या पोराच्या पहिल्या रोज्याचं कौतुक करतो, हार घालतो, फोटो काढतो. आणि इफ्तारीला त्याच्यासमोर भजी, समोसा आणि रंगीत सरबत ठेवतो. चौदा तास उपाशी राहिलेल्या त्या पोटाला काय लागतं, हे त्यालाच विचारून, त्यालाच आणायला लावून एकदा पाहा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे. मी त्यांना वर्ध्याला नेतो. 1937 च्या ऑक्टोबरात तिथे शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी बुनियादी शिक्षणाची कल्पना मांडली आणि तिचा आराखडा करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. जामिया मिल्लियाचे कुलगुरू, पुढे देशाचे राष्ट्रपती. मुलानं हातानं काम करत शिकावं, आणि त्या कामातूनच गणित, विज्ञान, समाज समजून घ्यावा, हा त्या आराखड्याचा गाभा. पुढे सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी चालवलेल्या शाळेत स्वयंपाकघर हा वर्गच होता. मुलं भाजी पिकवत, शिजवत, किती शिजवायचं ते मोजत आणि खर्च वहीत मांडत. त्याच परिसरात 2005 साली पुन्हा उभ्या राहिलेल्या आनंद निकेतन शाळेत शेती आणि स्वयंपाक आजही शिक्षणात आहेत. त्या काळी मुस्लिम लीगनं वर्धा योजनेला विरोध केला होता. त्याची कारणं राजकीय होती आणि तो वेगळा विषय आहे. पण नव्वद वर्षांपूर्वी एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञानं ज्या शिक्षणाचा पाया घातला ते आमच्या उर्दू शाळांपर्यंत पोचलं नाही, हे आपलं दुर्दैव. झाकिर हुसेनांचं नाव आपण शाळेच्या पाटीवर लिहितो. आत मुलं सकाळच्या प्रार्थनेला चक्कर येऊन पडतात.

इथवर वाचून ज्यांना बरं वाटलं असेल, की बघा, गरिबांना खर्च करता येत नाही हेच तर आम्ही म्हणत होतो, त्यांनी जरा थांबावं. आमची अम्मी विड्या वळायची. हजार विड्यांच्या मजुरीत तिनं सात माणसं पोसली. अंबाडीत किती डाळ घातली की गोश्ताची उणीव भासत नाही, दालच्यात दुधी कधी घालायचा, शुक्रवारच्या पाव किलो गोश्तातून शनिवारचा शोरबा कसा काढायचा, हे तिला कुठल्याही आहारतज्ज्ञापेक्षा चांगलं कळत होतं. गरिबाच्या घरात हिशोब नव्हता असं नाही. तो एका बाईच्या डोक्यात होता आणि ती कुणाला सांगत नव्हती, कारण कुणी विचारत नव्हतं. ती गेली तेव्हा तो हिशोबही तिच्याबरोबर गेला. मधल्या काळात 2015 चा कायदा आला, बैलाचं मांसही बंद झालं, आणि तिच्या त्या पाव किलोचं गणितच बदललं. नव्या गणिताला नवी आकडेमोड लागते. ती आईच्या एकटीच्या डोक्यात ठेवून भागत नाही.

शिवाय हिशोब शिकलेलं पोर फक्त आईला प्रश्न विचारत नाही, हे लक्षात ठेवा. चौथा रविवार संपल्यावर भाचीनं मला विचारलं की शाळेतल्या खिचडीचा हिशोब कोण करतं. मी तिला आकडे दिले. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा सरकारचा नियम. धान्य वेगळं येतं, शिजवणाऱ्या बाईचं मानधन वेगळं. बाकी सगळ्या साहित्यासाठी 1 मे 2025 पासून एका मुलामागे मिळतात 6 रुपये 78 पैसे. सहावी ते आठवीला 10 रुपये 17 पैसे.

तिनं वही काढली. बाजारातले भाव तिला आता माहीत होते. तूरडाळ एकशे तीसची, म्हणजे वीस ग्रॅमचे दोन रुपये साठ पैसे. भाजी चाळीसची धरली तर पन्नास ग्रॅमचे दोन रुपये. तेलाचे पंचाहत्तर पैसे. झाले पाच पस्तीस. उरले एक रुपया त्रेचाळीस पैसे, त्यात मीठ, हळद, मसाला आणि गॅस. मग पेन्सिल थांबली. "मामू, फिर अंडा किसमें से आएगा?"

अंड्याची गोष्ट तिला सांगावी लागली. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं अंड्यासाठी वेगळे पैसे द्यायचं थांबवलं. द्यायचंच असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं म्हणे. लोकसहभाग म्हणजे आपा, दुल्हेभाई आणि त्यांचे शेजारी. अंड्यावरून आपल्याकडे कोण काय खातं याचा धर्म काढला गेला, पवित्र-अपवित्राच्या चर्चा झाल्या. दहा वर्षांच्या पोरीला त्यातलं काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की एक अंडं सात रुपयांना मिळतं, आणि तांदूळ सोडला तर तिच्या दुपारच्या अख्ख्या जेवणाची सरकारनं धरलेली किंमत त्या एका अंड्याहून कमी आहे.

मुलांना जेवणाचा हिशोब शिकवायला माझ्या ओळखीचे काही पुरोगामी मित्रही का कचरतात, ते मला समजतं. त्यांना वाटतं, गरिबाच्या पोराला काटकसर शिकवली की व्यवस्थेची जबाबदारी सुटते. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला सात रुपयांचं अंडं माहीत नाही त्याला सहा अठ्ठ्याहत्तरची थट्टाही कळत नाही. खिचडीत डाळ शोधावी लागते, असं मोहल्ल्यातले लोक वर्षानुवर्षं हसत बोलतात. वीस ग्रॅम म्हणजे किती, हे त्यांतल्या एकानंही मोजून पाहिलं नव्हतं. भाचीनं पाहिलं. किराणा दुकानाच्या काट्यावर वीस ग्रॅम डाळ टाकली, ती मुठीत धरली, आणि एकशे चाळीस मुलांच्या पटाला गुणून रोजची दोन किलो आठशे ग्रॅम काढली. आता ती रोज स्वयंपाकाच्या मावशींकडे जाऊन उभी राहते. मावशी चिडतात. त्यांची चूक नाही, त्यांना जेवढी मिळते तेवढीच त्या घालतात. पण किती मिळते हे त्यांनी तिला सांगितलं आहे, आणि तिनं ते लिहून घेतलं आहे.

हिमोग्लोबिनची दुसरी तपासणी अजून व्हायची आहे. भाच्यानं कांदा कापणं सोडलेलं नाही, पण दार लावून घेतो. आणि एक गोष्ट मला शाळेच्या कागदपत्रांतून कळली, जी आपालाही धड माहीत नव्हती : ती शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका, म्हणून हेडमास्तरांनी दोन वर्षांपूर्वी तिची सही घेऊन ठेवली होती. आजवर ती एकाही बैठकीला गेली नाही. रजिस्टर सहीसाठी घरी यायचं. पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. वही तिनं पिशवीत टाकून ठेवली आहे, आणि भाचीनं तिच्याकडून दोन किलो आठशेचा हिशोब तीनदा म्हणून घेतला आहे.